भागीबाईला कोणी विचारलं का?

नाशिक, १५ मार्च १९८४

गोरक्ष,

आशीर्वाद वगैरे सगळे लिहिले असं समज. या निळ्या पत्रात जागा कमी असते आणि मला आज खूप सांगायचंय.

तुझं पाकीट मंगळवारी आलं. दोन वर्षं नुसती दिवाळीची कार्डं, वर छापील इंग्रजी आणि खाली तुझी सही. आणि आता एकदम चार पानं! पोस्टमन म्हणाला, "साळूबाई, आज जड आलंय." मी मेसमध्ये पोळ्या करत होते. हात पिठाचे, म्हणून लताबाईने पाकीट फोडलं. आपल्या शेजारची लताबाई, आता माझ्याबरोबर मेसमध्ये भाजीला असते. म्हणाली, "वाचून दाखवू?" मी म्हटलं, "वाचायला मला येतं, तू नुसती धर." तिने पानं धरली आणि मी लाटता लाटता वाचली. सात पोळ्या करपल्या. पोरांनी मुकाट्याने खाल्ल्या.

तू लिहिलंस की दर शनिवारी तू आणि तुझे मित्र टेबलाभोवती बसून एक खेळ खेळता. एकजण लढवय्या होतो, एक मांत्रिक, ती वेंडी नावाची मुलगी चोर होते. फासे टाकून काय घडेल ते ठरतं. तू मात्र कोणी एक होत नाहीस, तू अख्खं गाव होतोस. त्यांना गावात जो भेटेल त्याच्या तोंडून तू बोलतोस. आणि शेवटी, "तुला हे कळणार नाही, पण गावातली माणसं सुचत नाहीत म्हणून लिहितोय."

मला कळणार नाही? अरे, हा तर बोहाडा!

पेठकडच्या आपल्या गावात चैत्रात दुसरं काय करतात? लाकडी मुखवटा चढवला की भिकन काका भिकन राहत नाही, मारुती होतो, आणि त्याची सख्खी बायको त्याच्या पाया पडते. घरटी एक सोंग. तुम्ही मुखवटा लावत नाही एवढाच फरक.

एक गोष्ट लिहिणार नव्हते, पण लिहूनच टाकते. आपल्या घराचं सोंग त्राटिकेचं. दादांनी ते तेवीस वर्षं नाचवलं, आणि बापाचं सोंग मुलाकडे, म्हणजे तुझ्याकडे यायचं. अमेरिकेला जायच्या आधी तू त्यांना म्हणालास, "मी इंजिनियर झालोय, लुगडं नेसून लाकडी तोंड लावून नाचणार नाही." दादा म्हणाले, "मग तोंड दाखवू नको." आणि आज तू तिकडे दर शनिवारी गावभराची सोंगं एकटा काढतोस! मी इतकी हसले की लताबाईला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे.

पण तुझं गाव मला पटलं नाही. एक दारूची खानावळ, एक लोहार, एक देऊळ आणि मनोऱ्यात एक म्हातारा जादूगार. पाणी कुठून भरतात? दळण कुठे? बायका बाळंत कुठे होतात? नुसता लोहार खाऊन माणसं जगतात का?

तर आत्ता दोन माणसं पाठवते. एक कारभारी, पाणचक्कीवाला. चक्कीच्या आवाजाने कान गेलेत, म्हणून लोकांचे ओठ बघून बोलणं ओळखतो. रस्त्यापलीकडे कोणी कुजबुजलं तरी त्याला कळतं. तुझ्या खानावळीत चोर जे काही ठरवतील ते त्याला माहीत. दुसरी आक्काबाई, सुईण. गावातला प्रत्येक माणूस तिच्या हातावर जन्मला. मोठमोठ्या मिशीवाल्यांना ती पाळण्यातल्या नावाने हाक मारते, म्हणून तिच्यावर कोणी हात उगारत नाही.

जागा संपली. कडेने लिहितेय. लगेच लिही.

आई

नाशिक, ३० एप्रिल १९८४

गोरक्ष,

आलं! सहाच आठवड्यांत आलं!

आक्काबाई तुमच्या लढवय्याला "अरे गुंड्या" म्हणाली आणि त्याने तलवार खाली ठेवली, हे मी मेसमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. पोरं जेवायची थांबली. एकजण म्हणाला, "मावशी, पुढं काय झालं?" मी म्हटलं, "पुढचं पत्र येऊ दे."

आता तुझे आकडे. प्रत्येक माणसाला सहा आकडे लागतात म्हणतोस: ताकद, चपळाई, तब्येत, अक्कल, शहाणपण आणि लोकांवर पडणारी छाप. तीनपासून अठरापर्यंत. अक्कल आणि शहाणपण वेगवेगळं धरलंय हे मला फार आवडलं. खेळ काढणारा माणूस संसारी असला पाहिजे. तर आक्काबाईला ताकद सात, अक्कल अकरा, शहाणपण सतरा. अठरा देत नाही, कारण तिने जावयाची निवड चुकवली. कारभाऱ्याला ताकद पंधरा, बाकी तू बघ.

पण सातवा आकडा कुठेय? शेजारी अडला तर माणूस दार उघडतो की दिवा मालवतो? ताकद-अक्कल सगळी मागाहून. दादांना मी अठरा दिला असता. तुझ्या त्या मांत्रिकाला तीन. बिचाऱ्या कुत्र्याला त्याने उगाच जाळलं.

आणखी दोन माणसं घे. झुंबर, वेशीवरचा दरवान. निरक्षर. हातात कागद दिला की मान डोलावतो आणि बघतो मात्र पायांकडे. पायताणाची झीज, टाचेची भेग, चिखलाचा रंग, एवढ्यावर कोण कुठून आलं ते सांगतो. खोटे कागद दाखवून कोणी त्याला फसवू शकत नाही. मला हे माहीत आहे, कारण मी तिशीपर्यंत तशीच होते. स्टँडवर शेंगा विकत होते तेव्हा गाडीचा रंग आणि ड्रायव्हरचं तोंड बघून गाडी ओळखायची. मग पाट्यांवरून अक्षरं लागली. 'पे' पेठचा, 'मा' मालेगावचा. 'त्र्यं' यायला वर्ष गेलं.

दुसरी भागीबाई. वेशीच्या आतल्या पायऱ्यांवर भाकरी विकते. आकडे साधे, सगळे नऊ-दहा. तिच्याबद्दल एकच नियम आहे आणि तो नीट पाळ. तिला एक गोष्ट माहीत आहे. ती आपणहून सांगणार नाही. भाकरी देईल, पाणी देईल, हवापाण्याचं बोलेल. पण कोणी समोर बसून सरळ विचारलं, "भागीबाई, तू काय लपवलंयस?" तर ती खोटं बोलणार नाही. ती गोष्ट काय, ते मी तुला आत्ता कळवत नाही. कोणी विचारलं की मला लिही, मी उत्तर पाठवीन.

आई

नाशिक, ९ जुलै १९८४

गोरक्ष,

सातवा आकडा तुम्ही घेतलात! वेंडीने कागदावर रकाना आखला आणि स्वतःला पाच लिहिले, म्हणजे पोरगी प्रामाणिक आहे. चोर असली म्हणून काय झालं. तिला सांग, कारभाऱ्याच्या घरी एकदा पोतं उतरवायला हात लावला तर सहा होतील.

मी कॅलेंडरच्या मागे तुझ्या गावाचा नकाशा काढलाय. वेस, पायऱ्या, चक्की, आक्काबाईचं दार, देवळामागची चिंच. लताबाई आली की विचारते, "काय गं, आज गावात काय?" परवा तिने भांडण काढलं. म्हणे खानावळीच्या शेजारी शाळा नको. मी म्हटलं, "शाळा हलवते." ती म्हणाली, "हलवू नको, खानावळ हलव." बराच वेळ दोघी हुज्जत घालत बसलो. भाजी लागली. मेसच्या मालकाने येऊन विचारलं, कोणाची खानावळ, कुठली शाळा? सांगितलं तर हात जोडून गेला.

घरी आले की दादांच्या सुतारकामाच्या हत्यारांच्या पेटीवर बसून मी हे लिहिते. त्यांच्या रंध्याला दर महिन्याला तेल लावते. गंज चढू नये. तो वापरणारं कोणी नाही हे मला समजतं, तरी लावते.

भागीबाईला कोणी विचारलं का? तू लिहितोस की ते दर शनिवारी तिच्याकडून भाकरी घेतात आणि पुढे जंगलात जातात. लढवय्या तिला मावशी म्हणतो. बरं आहे. पण विचारत कोणी नाही. घाई नाही. तू मुद्दाम सुचवू नको, त्यांचं त्यांना सुचलं पाहिजे.

तू आता दर महिन्याला लिहितोस. पत्रात खेळाखेरीज काही नसतं हे मला दिसतं. घराचं विचारत नाहीस, दादांचं नाव काढत नाहीस. राहू दे. गावाबद्दल लिहितोस तेवढं पुष्कळ आहे. ते बंद होऊ नये एवढंच मला पाहिजे.

आई

नाशिक, २ ऑक्टोबर १९८४

गोरक्ष,

कारभाऱ्याला मारलंत?

मांत्रिकाने चक्कीत आगीचा गोळा टाकला, कारण आत राक्षस लपला होता, आणि कारभाऱ्याला ओरडलेलं ऐकू आलं नाही, त्याची पाठ होती म्हणून ओठ दिसले नाहीत. हे मी तीनदा वाचलं. मीच त्याला बहिरा केला. माझ्यामुळे मेला.

आज मेसमध्ये मी कणीक तशीच टाकून बसले. लताबाई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "कारभारी गेला." तिने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "अगं पण तो कागदावरचा ना?" मी म्हटलं, "असेना."

अरे, बोहाड्यात म्हैषासुर मरतो. देवी त्याच्या छातीवर पाय देते, गाव हात जोडतं. आणि मग म्हैषासुर उठतो, मुखवटा काढतो, आणि म्हणतो, "चहा हाय का?" तुझ्या खेळात उठता येत नाही का? मांत्रिकाला एवढं येतं तर हे का येत नाही? फासे तुझ्याच टेबलावर आहेत ना?

बरं. तू लिहितोस की मेलेला मेला, नाहीतर खेळाला अर्थ राहत नाही. पटलं. दुःख झालं तरी पटलं. पण मग ते नीट तरी करा. शनिवारी लगेच जंगलात पळू नका. चक्की बंद ठेवा. गावात कोणाकडे पीठ नाही, म्हणजे सगळं गाव कण्या शिजवून खाईल. भागीबाईच्या पायऱ्या रिकाम्या. झुंबर वेशीवर उभा राहील आणि आलेल्याला पायताण काढायला सांगेल. मांत्रिकाला खांदा द्यायला लावा, नुसतं वाईट वाटलं म्हणून चालणार नाही.

आणि कारभाऱ्याचा मुलगा दुसऱ्या मुलखात कामाला असेल, त्याला कोणी कळवलं का? आधी त्याला कळवा. तो येईपर्यंत थांबा.

आई

नाशिक, १८ नोव्हेंबर १९८४

गोरक्ष,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं.

"कारभाऱ्याच्या मुलाला कळवा म्हणतेस. तू मला कळवलं होतंस का?"

तू चूक काढलीस ती बरोबर आहे. मी न विचार करता लिहून गेले. दादा गेले तेव्हा दहावं उरकल्यावर मी तुला पत्र टाकलं, आणि त्यात कारणही लिहिलं होतं. दादांनीच सांगितलं होतं, पोराला कळवू नको. त्यावर तू लिहिलं होतंस, "मरतानाही त्यांना माझं तोंड बघायचं नव्हतं, तर ठीक आहे." ते पत्र माझ्याकडे आहे. त्यानंतर कार्डं.

आता त्यात आणखी काय सांगू. जे लिहिलं होतं तेच.

चक्कीचं काय झालं? मुलगा आला का? मी त्याचं नाव ठरवलं नाही, तू ठेव. मेसची पोरं विचारतात. लताबाई म्हणते, चक्की बाईने चालवावी, कारभाऱ्याच्या बायकोने. तिला नाव आक्काबाई नको, सुईणीशी गोंधळ होईल. कुसाबाई ठेवू या. तिला ताकद बारा. पोत्यांची सवय आहे तिला, कोणाला माहीत नसलं तरी.

उत्तर लिही. खेळाचंच लिहिलंस तरी चालेल.

आई

नाशिक, १६ जानेवारी १९८५

गोरक्ष,

तुझं पत्र संक्रांतीच्या दिवशी आलं. दोन दिवस मी कागद घेऊन बसते आणि उठते. आज मेसमध्ये गेले नाही. लताबाईला सांगितलं, पोळ्या तू बघ.

तू लिहिलंस, "शनिवारी वेंडीला मी काही सुचवलं नव्हतं. सगळे चक्कीकडे निघाले आणि ती पायऱ्यांवर बसली. म्हणाली, ही बाई इतके महिने आम्हाला खायला घालतेय, हिला कधी कोणी काही विचारलंच नाही. मग तिने भागीबाईला विचारलं, तू काय लपवलंयस. मी भागीबाई होतो आणि मला उत्तर माहीत नव्हतं. खेळ तिथेच थांबवलाय. सगळे वाट बघतायत. मी पण."

नियम मीच घातला होता. कोणी सरळ विचारलं तर ती खोटं बोलणार नाही. घातला तेव्हा वाटलं होतं की कोणी विचारणारच नाही, आणि रोज वाटायचं, आज तरी विचारावं.

तर भागीबाईचं उत्तर.

तिचा नवरा दहा दिवस आजारी होता. त्याने मुलाला कळवू नको असं कधीही म्हटलं नाही. पहिल्याच दिवशी म्हणाला, "गोरख्याला कळीव." नंतरही विचारत होता, "कळीवलं का?" ती म्हणत होती, कळवलं. ती दोनदा तारेच्या ऑफिसात जाऊन दारातून परत आली.

का, ते सांगते. डिसेंबरात तुझं पत्र आलं होतं. नोकरीचे कागद सहीला गेलेत, दोन महिने देशाबाहेर पाऊल टाकता येणार नाही, टाकलं तर सगळं पहिल्यापासून, कदाचित परत जाताही येणार नाही. दादांना अक्षर येत नव्हतं. तुझी पत्रं मीच वाचून दाखवायची. ते वाक्य मी वाचलं नाही. वाचलं असतं तर ते स्वतःच म्हणाले असते, नको बोलवू, पोराचं नुकसान नको. तसे ते होते. मग माझं खोटं खरं तरी झालं असतं. पण मला भीती वाटली की ते म्हणतील, तरी बोलव. आणि त्यांनी बोलवलं असतं तर तू आला असतास.

मी ठरवलं. तुम्हा दोघांना न विचारता. आणि तुला पत्र लिहिताना ते त्यांच्या नावावर टाकलं, कारण मेलेला माणूस नाही म्हणू शकत नाही आणि तू माझ्यावर रागावू नयेस. तीन वर्षं तू त्यांच्यावर रागावला आहेस. त्यांचा काही दोष नाही. भांडणाचा राग त्यांना महिनाभरही टिकला नव्हता. त्राटिकेचं सोंग भिकन काकाच्या मोठ्या मुलाला दिलं आणि म्हणाले, "त्याला जमंल. आपल्या पोराला मशिनी जमत्यात, त्याला कशाला हे."

मी अक्षर शिकले नसते तर ते वाक्य मला कळलंच नसतं, दुसऱ्या कोणी तरी वाचून दाखवलं असतं, सगळं. हे मी पुष्कळदा मनात आणलंय.

वेंडीला एवढं सांग की तिने विचारलं ते बरं केलं. बाकी काय सांगायचं ते तू ठरव. गाव तुझं आहे.

आई

नाशिक, २५ मार्च १९८५

गोरक्ष,

नऊ आठवडे मी पोस्टमनला विचारलं नाही. तो आपणहून मान हलवून पुढे जायचा. लताबाई मेसमध्ये गावाचं नाव काढेना, पोरंही काढेनात. मला वाटलं, संपलं. कार्डंसुद्धा येणार नाहीत. कॅलेंडरमागचा नकाशा मी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

आज सकाळी तो रस्त्याच्या त्या टोकापासूनच हात वर करून आला. "साळूबाई! आलंय!" मी पोळपाट-लाटणं टाकून पळाले. या वयात. चपला मेसमध्येच राहिल्या.

तुझं अर्धं पान. "मला राग आलाय. अजून आहे. तो जायची वाट बघत बसलो तर पत्रच लिहिणार नाही. दादांचे दहा दिवस लिहून पाठव. रोजचं रोज. काही गाळू नको."

तू विचारलंस! गोरक्ष, तीन वर्षांत मला कोणी विचारलं नाही. लोक म्हणायचे, आता त्याचं कशाला, जीवाला त्रास. आणि मला तर सांगायचं होतं, सगळं, तोंडापर्यंत भरलेलं होतं. मी लताबाईला म्हटलं, "आज पोळ्या करपल्या तर करपू दे." ती म्हणाली, "जा गं बाई, लिही जा." हे निळं पत्र पुरणार नाही, म्हणून वहीची पानं घेतली आहेत. घाईत लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर लावून घे.

पहिला दिवस सोमवार. चार जानेवारी. दादा कामावरून दुपारीच आले, छातीत कळ येते म्हणाले. खोकं ठोकताना तीन खिळे वाकडे गेले म्हणून त्यांना लाज वाटत होती, दुखण्यापेक्षा तेच जास्त सांगत होते. चहा अर्धाच घेतला. तेव्हाच म्हणाले, गोरख्याला कळीव.

मंगळवारी डॉक्टरांनी छाती भरलीय म्हणून सांगितलं, सुई दिली. बुधवारी बरं वाटलं. उठून बसले आणि खाटेचा पाय हलतो म्हणून मला पाचर आणायला लावली, स्वतः ठोकली. मी ओरडले. ते म्हणाले, "ठोकू दे, खाट माझी हाय."

गुरुवारी ताप. भिकन काका गावाहून आला. दोघे जुन्या बोहाड्याचं बोलत होते. एका वर्षी नाचताना दादांचं लुगडं सुटलं आणि त्राटिका धोतरावर आली, त्यावर इतके हसले की खोकला थांबेना. मी काकाला बाहेर काढलं.

शुक्रवारी तुझं विचारलं. मी म्हटलं, कळवलंय. मी पहिल्यांदा तारेच्या ऑफिसात गेले ती शुक्रवारीच.

शनिवारी काही खाल्लं नाही. रविवारी पेजेचे चार घोट घेतले आणि म्हणाले, मीठ कमी आहे. खरंच कमी होतं. मी घालायला विसरले होते. रविवारीच तुझं जुनं पत्र परत वाचायला सांगितलं, कुठलंही. मी तू नव्या खोलीत राहायला गेलास ते वाचलं. खिडकीतून काय दिसतं ते तू लिहिलं होतंस, ते दोनदा वाचायला लावलं.

सोमवारी दवाखान्यात नेलं. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं होतं. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा तारेच्या ऑफिसात गेले.

मंगळवार नववा दिवस. नाशिकला गारठा फार होता. मी त्यांच्या अंगावर माझी शाल आणि वर सतरंजी घातली. दुपारी ते चांगले जागे होते. छताकडे बघत म्हणाले, "गोरख्याकडं थंडी किती असंल गं?" मी म्हटलं, "मला काय माहीत." ते म्हणाले, "तू लिव्हतीस ना त्याला? मग इचार की. एवढं बी इचारत नाय का?" मी म्हटलं, "विचारते." मग त्यांनी डोळे मिटले. नंतर बोलले नाहीत.

बुधवारी, भोगीच्या सकाळी, गेले. मी हात धरला होता. तो अजून ऊन होता.

हे सगळे दहा दिवस. काही गाळलं नाही. एक राहिलं आहे, ते त्यांनी मला विचारायला सांगितलं होतं आणि मी तीन वर्षं विचारलं नाही.

गोरक्ष, तुझ्याकडे थंडी किती असते?

आई